काळ्या मिठाची कृती आणि तिच्यात नसलेली ओळ

अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने यंदा जूनमध्ये वहीचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. कुठल्याशा इंग्रजी पुस्तिकेतून उतरवून घेतलेली कृती त्यावर होती. दोन वाट्या समुद्री मीठ, आयोडीन न घातलेले. एक वाटी लाकडी कोळशाची पूड किंवा धुपाची राख. बिडाच्या तव्याची खरवड, चमचाभर. असल्यास अंड्याच्या टरफलांची पूड आणि थोडी मिरपूड. हे सारे अमावास्येच्या रात्री खलबत्त्यात एकत्र कुटायचे आणि कुटताना मनातला हेतू बोलत राहायचे. तयार झालेले काळे मीठ बाटलीत भरून ठेवायचे आणि उंबरठ्यावर, खिडक्यांशी त्याची रेघ ओढायची. घरात येणारी नकारात्मक ऊर्जा ते शोषून घेते. महिन्याने मीठ बदलायचे. ही विद्या हजारो वर्षांची आहे, अशी शेवटी पुस्ती.

"सर, यात नेमकी कोणती रासायनिक क्रिया होते?" असे तिने विचारले.

मी घाईने उत्तर दिले की कोणतीच होत नाही, हे थोतांड आहे. तिचे समाधान झाले नाही आणि घरी गेल्यावर माझेही झाले नाही. कारण माझ्या उत्तराचा पहिला अर्धा भाग मी तपासला नव्हता आणि दुसरा अर्धा केवळ शिवी होती. एखादी कृती वाईट आहे असे म्हणायचे तर ती कुठे वाईट आहे हे दाखवता आले पाहिजे. कवितेच्या समीक्षकाकडून आपण तेवढे मागतो, मग विज्ञानाच्या शिक्षकाकडून का मागू नये? म्हणून हा कागद जरा सावकाश वाचू.

आधी नावाचा घोळ. मराठी घरात काळे मीठ म्हटले की पादेलोण आठवते, जलजिऱ्यातले आणि चाट मसाल्यातले. विक्का पंथाचे काळे मीठ ते नव्हे. आपले पादेलोण तयार करताना मीठ, कोळसा आणि हिरडा, बेहडा, आवळा यांसारखी फळे मडक्यात घालून भट्टीत तासन्‌तास तापवतात. मिठातल्या सल्फेटांचे कार्बनमुळे क्षपण होऊन सल्फाइडे बनतात. लोहाचे सल्फाइड काळसर रंग देते आणि हायड्रोजन सल्फाइडमुळे तो ओळखीचा, उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या काळ्या मिठात खरीखुरी रासायनिक क्रिया घडलेली असते. मंतरलेल्या काळ्या मिठात मात्र मीठ मीठच राहते आणि कोळसा कोळसाच. चमचाभर घेऊन पाण्यात ढवळा, गाळणकागदातून गाळा, गाळलेले पाणी बशीत आटवा. कागदावर कोळसा आणि बशीत पांढरे शुभ्र मीठ. सहावी-सातवीतला मिश्रणाचे घटक वेगळे करण्याचा धडा तो हाच. पदार्थाचे रूप पालटण्याच्या बाबतीत जादूटोण्याची कृती जलजिऱ्याच्या कृतीच्या मागे पडते, ही गंमत मला मोठी वाटली.

अर्थात राख घातली तर प्रकरण इतके सरळ राहत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट आणि कॅल्शियमची संयुगे असतात. राखमिश्रित मिठाचे पाणी हळदीच्या कागदावर टाका, कागद लाल होईल. आम्लारीमुळे हळद लाल होते, आणि हळदीचे कुंकू होते तेही असेच. टरफलाची पूड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तिच्यावर व्हिनेगर टाकले की बुडबुडे येतात. तव्याची खरवड म्हणजे लोखंड, असे पुस्तिका मानते. प्रत्यक्षात रोजच्या वापरातल्या तव्यावरचा काळा थर हा तापून घट्ट झालेल्या तेलाचा, कार्बनचा आणि थोड्या लोह ऑक्साइडचा असतो. तोच थर तव्याला गंजण्यापासून वाचवतो. तो खरवडून काढणारी व्यक्ती घराचे रक्षण करते की नाही हे सांगता येणार नाही, पण तव्याचे संरक्षण नक्की काढून घेते.

आता 'हजारो वर्षांची विद्या' या पुस्तीकडे वळू. विक्का हा आज स्वतःला निसर्गपूजक म्हणवणाऱ्या, ख्रिस्तपूर्व युरोपातल्या देवदेवतांशी नाते सांगणाऱ्या 'पेगन' पंथांपैकी एक. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन आणि सुमारे १३ हजार लोकांनी विक्का असा नोंदवला. हा पंथ लोकांसमोर आणला तो जेराल्ड गार्डनर या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याने. चेटूक करण्याचे ढोंग करणाऱ्याला शिक्षा सांगणारा १७३५ चा कायदा ब्रिटिश संसदेने १९५१ मध्ये रद्द केला आणि १९५४ मध्ये गार्डनरचे 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक निघाले. मध्ययुगातल्या तथाकथित चेटकिणी म्हणजे एका जुन्या, छुप्या धर्माच्या अनुयायी होत्या, ही कल्पना त्याने मार्गारेट मरे या विदुषीच्या १९२१ च्या ग्रंथावरून घेतली होती. मरेबाईंचा सिद्धान्त पुढे इतिहासकारांनी पुराव्यानिशी खोडून काढला. रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या 'द ट्रायंफ ऑफ द मून' या ग्रंथात आधुनिक विक्काची जडणघडण एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कशी झाली ते सविस्तर दाखवले. धर्म नवा असणे हा काही दोष नव्हे. सगळेच धर्म कधी ना कधी नवे होते. मात्र वय वाढवून सांगितले तर ते तपासण्याचा अधिकार वाचकाला मिळतो.

मिठाचा इतिहास त्याहून मजेशीर आहे. युरोपच्या परंपरेत मीठ हे चेटकिणींचे हत्यार नव्हते, ते चेटकिणींच्या विरुद्धचे हत्यार होते. चेटकिणींवरचे खटले कसे चालवावेत हे सांगणारा 'मॅलियस मॅलिफिकारम' हा कुप्रसिद्ध ग्रंथ १४८६-८७ च्या सुमारास छापला गेला. आरोपी बाईपासून बचाव म्हणून न्यायाधीशांनी चर्चमध्ये मंतरलेले मीठ अंगावर बाळगावे, असा सल्ला त्यात आहे. रोमन चर्चच्या १६१४ च्या विधिग्रंथात मिठातून दुष्ट शक्ती घालवून देण्याची प्रार्थना आहे आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवण्याची रीत १९६९ च्या सुधारणेपर्यंत चालू होती. आपल्याकडच्या गोव्या-वसईच्या वयस्क कॅथलिक मंडळींपैकी कित्येकांच्या जिभेवर असा कण ठेवला गेला असेल. गार्डनरच्या विधीत मीठ आणि पाणी शुद्ध करण्याचे जे बोल आहेत, त्यांचे मूळ 'की ऑफ सॉलोमन' या मांत्रिक ग्रंथाच्या १८८९ च्या इंग्रजी भाषांतरात सापडते, आणि तो ग्रंथही चर्चच्या भाषेत न्हालेला. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध मीठ मंतरले जात होते त्यांचे वारस म्हणवणाऱ्यांनी तेच मीठ त्याच मंत्रांसह उचलले. काळे मीठ तर अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या 'हूडू' या परंपरेतही आढळते. नकोशा माणसाला घराबाहेर ठेवण्यासाठी ते वापरतात. हे सगळे धागे उसवून पाहिले की 'प्राचीन' या एका शब्दात गुंडाळलेल्या इतिहासापेक्षा खरा इतिहास अधिक रंगतदार निघतो.

आणखी एक घटना इथे सांगावीशी वाटते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील एका कैद्याने आपल्या विक्का उपासनेसाठी तुरुंगात काही वस्तू मागितल्या होत्या. त्यांत स्वतःभोवती रक्षक वर्तुळ आखण्यासाठी मीठही होते. तुरुंगाने नकार दिला. १९८६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला की विक्का हा धर्मच आहे आणि त्याला घटनेचे संरक्षण आहे. मात्र सुरक्षेच्या कारणाने त्या वस्तू नाकारण्याचा तुरुंगाला अधिकार आहे. मिठाने संरक्षण होते का, या प्रश्नात न्यायालयाने नाक खुपसले नाही. मला हा विवेक योग्य वाटतो. वर्तुळ आखून कोणी आपल्या देवतेचे चिंतन करत असेल, मीठ कुटताना त्याचे मन शांत होत असेल, तर त्यात विज्ञानाने पडायचे कारण नाही. विक्का मानणाऱ्यांपैकी बरेच जण मीठ हे केवळ प्रतीक आहे असे स्वतःच सांगतात. त्यांच्याशी आपले भांडण नाही.

भांडण सुरू होते ते 'ऊर्जा' आणि 'शोषून घेते' या दोन शब्दांपाशी, कारण हे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकातून उसने नेलेले आहेत. उसने नेले तर व्याजासकट परत मागता येतात.

ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. १०० ग्रॅम मिठाचे तापमान एका अंशाने वाढवायला साधारण ८६ ज्यूल लागतात. मिठाने खरोखर ऊर्जा शोषली तर ती कुठेतरी दिसायला हवी, निदान तापमापीवर. आणि कोळसा? कोळशाबद्दलचा दावा ऐकायला अधिक पटणारा आहे, कारण कोळसा खरोखरच अनेक पदार्थ पकडून ठेवतो. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोविट्झ याने कोळशाने द्रावणांचा रंग जातो हे पाहिले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणारे मुखवटे याच गुणावर चालले. मात्र याला शोषण म्हणत नाहीत, अधिशोषण म्हणतात. पदार्थाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर चिकटतात. स्पंजात पाणी शिरते तसे आत मुरत नाहीत. त्यासाठी पृष्ठभाग प्रचंड लागतो. खास प्रक्रिया केलेल्या एका ग्रॅम सक्रिय कोळशाला पाचशे ते दीड हजार चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो. चुलीतल्या कोळशाला त्यामानाने फार थोडा आणि धुपाच्या राखेला त्याहूनही थोडा. शिवाय चिकटायला रेणू हवेत. सासूसुनेच्या भांडणाचे रेणू नसतात.

इथे मुलीने मला अडवले. "पण सर, काळा रंग ऊर्जा शोषतोच ना?" शोषतो. आणि हा कागदावरच्या दाव्यांपैकी एकमेव भाग आहे जो जसाच्या तसा खरा ठरतो. दोन सारख्या बशा घ्या, एकीत पांढरे मीठ, दुसरीत काळे, दोन्ही दुपारच्या उन्हात ठेवा आणि मिठात तापमापी खोचा. काळ्या मिठाचा पारा वर चढलेला दिसेल. फक्त ती ऊर्जा सूर्याची आहे, आणि ती कोणाच्या मनातल्या वाईटपणाला ओळखत नाही. 'काळा रंग शोषतो' या प्रकाशाबद्दलच्या विधानावरून 'काळी वस्तू वाईट गोष्टी शोषते' इथवर एका उडीत जाणे, ही कृती ज्याने रचली त्याची खरी कल्पकता. फ्रेझरने १८९० च्या 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात जादूच्या विचाराची एक तऱ्हा सांगितली आहे, सारख्यातून सारखे निघते ही. तिचे इतके सोपे उदाहरण वर्गात दाखवायला दुसरे सापडणार नाही.

आता कागदातल्या मुख्य उणिवेकडे येतो. प्रयोगशाळेच्या पुस्तकातली कुठलीही बरी कृती पाहा. 'चुनकळीचे पाणी दुधाळ झाले तर कार्बन डायऑक्साइड आहे' असे तिच्यात असते, म्हणजेच दुधाळ न झाल्यास काय समजायचे तेही असते. काळ्या मिठाच्या कागदावर सगळे काही आहे. प्रमाण आहे, क्रम आहे, तिथी आहे, बाटलीवर नाव लिहा अशी सूचनाही आहे. नाही ती एकच ओळ: हे फसले आहे हे कसे ओळखायचे? मीठ कोरडे राहिले तर ते राखण करत आहे. ओले झाले तर त्याने वाईट शोषले. तांबूस झाले तर फारच वाईट शोषले. घरात काही अघटित घडले तर मीठ बदलायला उशीर झाला. चौफेर विजय! ज्या कृतीला हरता येत नाही, तिच्या जिंकण्याला काय किंमत द्यायची?

आणि हे फक्त इंग्लंड-अमेरिकेतल्यांना ऐकवू नये. आपल्याकडेही वास्तुशास्त्राच्या नावाखाली न्हाणीघरात खड्या मिठाची वाटी ठेवतात, आणि ते ओले झाले की घरातली नकारात्मकता त्यात उतरली असे सांगतात. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागते. खड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असते, ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरते. म्हणून कोकणात जुलैमध्ये वाटीत पाणी साचते आणि नागपुरात मेमध्ये मीठ खडखडीत राहते. मग नागपूरची कुटुंबे मे महिन्यात भांडत नाहीत, असे समजायचे काय?

मीठमोहरीने दृष्ट काढण्याचेही तसेच. तडतड जास्त झाली म्हणजे दृष्ट मोठी. मिठाच्या खड्यात स्फटिक बनताना मिठाच्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. तापल्यावर त्यांची वाफ होऊन खडा फुटतो. मोहरीही आतल्या पाण्याच्या वाफेनेच तडतडते. वर्गात दोन पुड्या करा, दोन्हींत सारखेच खडे मीठ, सारखीच मोहरी. एक पुडी कोणावरून तरी ओवाळून घ्या, दुसरी नको. मग कोणती कुठली हे ठाऊक नसलेल्या मुलाला त्या निखाऱ्यावर टाकायला सांगा आणि बाकीच्यांना ओळखायला लावा. हे अनेकदा करा, एकदा करून थांबू नका. तिसरी पुडी बारीक दळलेल्या मिठाची ठेवा. दृष्ट कोणाचीही असो, तडतड कमी होईल. आजीचे प्रेम यात खोटे ठरत नाही. प्रयोग तिच्यावर नाही, मिठावर आहे, हे मुलांना आधी सांगावे.

भाषांतराबाबतही एक खबरदारी घ्यावी लागेल. विक्का मानणारी इंग्रज बाई स्वतःला हौसेने 'विच' म्हणवते. त्याचे मराठी 'चेटकीण' किंवा 'डाकीण' असे करून आपण वर्गात हसलो, तर सातपुड्यातल्या पाड्यांवर त्याच शब्दाने कोणाकोणाला मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले आहे, हे विसरल्यासारखे होईल. तिथे हा शब्द कोणी निवडत नाही, तो लादला जातो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला अशा घटनांचीही पार्श्वभूमी आहे. तेव्हा 'विच' हा शब्द तसाच ठेवावा आणि फरक समजावून सांगावा.

आणि कोणी विद्यार्थी हे मीठ करून पाहणारच असेल तर काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. ते खायचे नाही, आणि पादेलोणाच्या बरणीशेजारी ठेवायचे नाही. कोळसा किंवा राख जुन्या रंगवलेल्या लाकडाची नसावी, रंगात शिसे असू शकते. वाळवीरोधक द्रव मुरवलेल्या लाकडाच्या राखेत आर्सेनिक राहते. झाडांच्या मुळाशी हे मीठ टाकू नये. ते वाईट ऊर्जेला घालवो न घालवो, तुळशीला नक्की घालवेल. आणि 'शुद्ध' म्हणून आयोडीनविरहित मीठ घरात आणले तर ते स्वयंपाकात शिरू देऊ नये. आयोडीन ही अशुद्धता नव्हे, गलगंडापासून बचाव आहे.

विद्यार्थिनीने शेवटी कागद बाजूला ठेवला आणि तीन बाटल्या केल्या. पहिलीत मीठ, कोळसा आणि लोखंडाचा कीस, झाकण घट्ट. दुसरीत तेच सारे, झाकण उघडे. तिसरीत मीठ सोडून बाकीचे, झाकण उघडे. तिन्ही बाटल्या शिक्षकांच्या खोलीत कपाटावर ठेवल्या, कारण नकारात्मक ऊर्जेचा तुटवडा शाळेत इतर कुठे असला तरी तिथे नसतो. प्रत्येक बाटलीखाली तिने आधीच चिठ्ठी चिकटवली होती: काय होईल असे तिला वाटते, आणि तसे झाले नाही तर ती काय मानेल. ऑगस्टअखेर दुसरी बाटली तांबूस चिखलासारखी झाली, तिसरीत थोडे तांबूस ठिपके आले, पहिली अजून काळीच आहे. पहिलीचे झाकण आता उघडायचे की दिवाळीपर्यंत थांबायचे, यावर आमचा वाद चालू आहे.